हिमोडायलिसिसमधील रक्तवाहिनी-प्रवेशमार्ग आणि संघाधारित शुश्रूषा : एक चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे आयुष्य हिमोडायलिसिसच्या यंत्रावर अवलंबून असते, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. यंत्र कितीही अद्ययावत असले, तरी रुग्णाचे रक्त मिनिटाला सुमारे ३०० ते ४०० मिलिलिटर इतक्या वेगाने शरीराबाहेर यावे आणि शुद्ध होऊन परत जावे, यासाठी भरवशाची वाट लागते. हाताच्या साध्या शिरेतून इतके रक्त मिळत नाही. धमनीत वारंवार सुई टोचणे धोक्याचे असते. म्हणून ही वाट मुद्दाम निर्माण करावी लागते. वैद्यकीय परिभाषेत तिला व्हॅस्क्युलर ॲक्सेस म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'प्रवेशमार्ग' ही संज्ञा योजली आहे.

प्रवेशमार्गाचे प्रमुख प्रकार तीन आहेत. पहिला फिस्टुला. यात हातातील धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडली जाते आणि धमनीच्या दाबाने शीर काही आठवड्यांत रुंद व जाड होते. दुसरा ग्राफ्ट, म्हणजे धमनी व शीर यांना जोडणारी कृत्रिम नळी. तिसरा कॅथेटर, म्हणजे मान किंवा मांडीतील मोठ्या शिरेत बसविलेली नळी. कॅथेटर तत्काळ वापरता येतो. परंतु त्यातून रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका सर्वाधिक असतो. चांगला जमलेला फिस्टुला अनेक वर्षे टिकतो आणि त्यात संसर्ग व गुठळ्या यांचे प्रमाण कमी असते. तथापि तो जमावा लागतो, आणि जमलेला फिस्टुला जपावा लागतो.

गेल्या दोन दशकांत या विषयावरील लेखनात 'संघाधारित शुश्रूषा' हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, क्ष-किरणतज्ज्ञ, परिचारिका, तंत्रज्ञ आणि स्वतः रुग्ण यांनी मिळून प्रवेशमार्गाची काळजी घ्यावी, असा त्याचा आशय आहे. हा विचार सर्वमान्य झाला असल्यामुळेच त्याची चिकित्सा फारशी झालेली दिसत नाही. संघ म्हणजे नेमके कोण, संघातील कोणाच्या शब्दाला काय वजन आहे, आणि संघाचे यश कशाने मोजायचे, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. या विषयातील तीन महत्त्वाच्या टप्प्यांची, म्हणजे १९६६ चा मूळ शोधनिबंध, २००३ मधील अमेरिकेची 'फिस्टुला फर्स्ट' मोहीम आणि २०१९ ची 'केडोकी' मार्गदर्शिका यांची, तपासणी करून या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रवेशमार्गाचा इतिहास आणि एका शीर्षकाचा अर्थ

नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या सुमारास, कृत्रिम मूत्रपिंडाचा पहिला उपयुक्त नमुना तयार केला. यंत्र मिळाले, परंतु ते एकाच रुग्णासाठी पुन्हा पुन्हा वापरता येत नव्हते. प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि रक्तवाहिन्यांची संख्या मर्यादित असे. त्यामुळे काही काळापुरते बंद पडलेले मूत्रपिंड सावरेपर्यंतच या यंत्राचा आधार मिळत असे. कायमचे निकामी झालेल्या रुग्णाला त्याचा उपयोग नव्हता. ही कोंडी १९६० साली सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर आणि त्यांचे सहकारी वेन क्विंटन यांनी फोडली. त्यांनी टेफ्लॉनच्या नळ्या धमनी व शिरेत कायम बसवून त्या त्वचेबाहेर एकमेकींना जोडल्या. पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स या नळीच्या आधारे अकरा वर्षे जगले. मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन उपचाराचा आरंभ झाला तो यंत्रामुळे नव्हे, तर प्रवेशमार्गामुळे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

स्क्रिब्नर यांची नळी त्वचेबाहेर असल्याने तिच्यात गुठळ्या होत, संसर्ग होई आणि ती निसटण्याची भीती कायम असे. यावर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात मायकेल ब्रेशिया, जेम्स सिमिनो आणि शल्यचिकित्सक केनेथ ॲपेल यांनी उपाय शोधला. १९६५ मध्ये त्यांनी मनगटाजवळील धमनी व शीर त्वचेखालीच जोडली आणि १९६६ साली आपला अनुभव 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये प्रसिद्ध केला. आजही ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या निबंधाच्या शीर्षकाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. शीर्षकात दोन गोष्टींचा उल्लेख आहे : शिरेत सुई टोचणे आणि शस्त्रक्रियेने निर्माण केलेला फिस्टुला. त्यातही टोचणीचा उल्लेख आधी आहे. लेखकांच्या दृष्टीने शोध जोडणीचा जितका होता, तितकाच सुईने पुन्हा पुन्हा त्या शिरेत शिरता येण्याचा होता. पुढील साहित्याने या शीर्षकाचा उत्तरार्ध उचलला आणि पूर्वार्ध विसरला. फिस्टुलाचा इतिहास शल्यकर्माचा इतिहास म्हणून लिहिला गेला. जोडणी एकदाच होते. टोचणी वर्षानुवर्षे चालते. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाला प्रत्येक वेळी दोन सुया याप्रमाणे वर्षाला ३१२ वेळा टोचले जाते. आठवड्यातून दोनच वेळा येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हा आकडा २०८ होतो. एका शस्त्रक्रियेमागे पाच वर्षांत हजार ते दीड हजार टोचण्या, हे प्रमाण लक्षात घेतले, तर प्रवेशमार्गाचे भवितव्य शस्त्रक्रियागृहात ठरते की डायलिसिस कक्षात, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

'फिस्टुला फर्स्ट' मोहीम : मोजमापाचे यश आणि मर्यादा

१९९० च्या दशकाच्या अखेरीस विविध देशांतील डायलिसिस पद्धतींची तुलना करणारा 'डॉप्स' हा अभ्यास सुरू झाला. त्यातून अमेरिकेची उणीव स्पष्टपणे पुढे आली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार युरोपात सुमारे ८० टक्के रुग्ण फिस्टुला वापरत होते, तर अमेरिकेत हे प्रमाण केवळ २४ टक्के होते. शरीररचना सर्वत्र सारखीच असताना इतका फरक पडतो, याचा अर्थ तो रोगाचा नसून व्यवस्थेचा आहे, हे मान्य करावे लागले. यातूनच अमेरिकी शासनाच्या वैद्यकीय विमा यंत्रणेने २००३ मध्ये जी मोहीम आरंभिली, तीच 'फिस्टुला फर्स्ट' या नावाने प्रसिद्ध झाली. प्रारंभी ४० टक्क्यांचे आणि पुढे ६६ टक्क्यांचे उद्दिष्ट ठरविण्यात आले.

मोहिमेने सुचविलेल्या अकरा सुधारणा-तत्त्वांची यादी वाचली असता ती मुळात संघाधारित विचाराचीच यादी आहे, असे दिसून येते. मूत्रपिंडविकारतज्ज्ञाकडे वेळेवर पाठवणी, शल्यचिकित्सकाची चोखंदळ निवड, टोचणीचे प्रशिक्षण, नियमित देखरेख, परिणामांची माहिती सर्वांना परत कळविणे अशा बाबींचा तिच्यात समावेश होता. परंतु मोहिमेचे नाव, तिचे उद्दिष्ट आणि तिचे मोजमाप या तिन्ही गोष्टी मात्र एकाच आकड्याभोवती फिरत राहिल्या. किती टक्के रुग्णांना फिस्टुला आहे, एवढेच मोजले गेले. अकरा तत्त्वे कागदावर राहिली असे नव्हे. तथापि ज्या गोष्टी मोजल्या जात नाहीत, त्यांना कालांतराने दुय्यम स्थान मिळते, हा प्रशासनाचा सार्वत्रिक अनुभव येथेही आला.

आकडा वाढला, हे नाकारता येत नाही. २०१० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत फिस्टुला वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर पोहोचले. हे मोठे यश होते आणि त्यामुळे अनेक रुग्णांची कॅथेटरपासून सुटका झाली. पण त्याच काळात डायलिसिसचा आरंभ कॅथेटरनेच करणाऱ्या नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास कायम राहिले. कारण स्पष्ट आहे. रुग्ण डायलिसिस केंद्रात येण्यापूर्वीचा काळ केंद्राच्या हाती नसतो. तो कुटुंबवैद्य, मधुमेहतज्ज्ञ, मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांच्या परस्परसंपर्कावर अवलंबून असतो. २०१० च्या दशकात शासकीय देयकांशी निगडित गुणवत्ता-मापनात प्रवेशमार्गाच्या प्रकाराचा समावेश झाला, तेव्हा उत्तरदायित्व डायलिसिस केंद्रावर आले. निर्णय मात्र इतरत्र घेतले गेलेले होते. संघातील एका घटकाला जबाबदार धरून उरलेल्यांना मोकळे सोडणे, हे संघाधारित शुश्रूषेच्या तत्त्वाशी विसंगतच म्हणावे लागेल.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. फिस्टुला तयार करणे आणि फिस्टुला वापरता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेत ८७७ रुग्णांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत क्लोपिडोग्रेल या औषधाचा परिणाम तपासण्यात आला. औषधामुळे नव्या फिस्टुलात गुठळी होण्याचे प्रमाण घटले; परंतु फिस्टुला डायलिसिसयोग्य होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. दोन्ही गटांत सुमारे ६० टक्के फिस्टुला डायलिसिसयोग्य झालेच नाहीत. रक्त वाहते आहे पण सुई टोचता येत नाही, अशी ही स्थिती होती. केवळ शस्त्रक्रियांची संख्या वाढविण्याच्या धोरणाला यापेक्षा सडेतोड उत्तर दुसरे मिळणे कठीण आहे.

टोचणाऱ्या हाताचे ज्ञान

फिस्टुला परिपक्व झाला की नाही, हे ठरविण्यासाठी 'केडोकी'च्या २००६ च्या मार्गदर्शिकेत सहा या अंकाचा एक सोपा नियम सांगितला होता : शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी मिनिटाला ६०० मिलिलिटर प्रवाह, ६ मिलिमीटर व्यास आणि त्वचेपासून ६ मिलिमीटरपेक्षा अधिक नाही अशी खोली. हा नियम यंत्राने मोजता येतो. पण त्याच प्रश्नाचे उत्तर देणारे आणखी एक साधन प्रत्येक डायलिसिस कक्षात असते, ते म्हणजे अनुभवी परिचारिकेची बोटे.

अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनुभवी डायलिसिस परिचारिकांनी केवळ हाताने तपासून फिस्टुला उपयोगी पडेल की नाही याविषयी वर्तविलेले अंदाज सुमारे ८० टक्के अचूक ठरले. याच अभ्यासात सोनोग्राफीतील व्यास व प्रवाह हे दोन्ही निकष पूर्ण झालेले फिस्टुला ९५ टक्के प्रसंगी उपयोगी ठरले, ही बाबही नोंदवली पाहिजे. यंत्राला कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि सोनोग्राफी एकदा होते आणि परिचारिकेचा हात प्रत्येक सत्रात लागतो. फिस्टुलावर बोट ठेवताच जाणवणारी थरथर मंदावली, तिच्या जागी नाडीसारखे ठोके लागू लागले, सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागू लागला, हात सुजला, ही सर्व लक्षणे पुढे येऊ घातलेल्या अडथळ्याची सूचना देतात. ती प्रथम ज्याला कळतात, तो बहुधा तज्ज्ञ डॉक्टर नसतो.

टोचणीची पद्धतही प्रवेशमार्गाचे आयुष्य ठरविते. प्रत्येक वेळी शिरेच्या लांबीवर जागा बदलत पायरीपायरीने टोचण्याची पद्धत शास्त्रशुद्ध मानली जाते. एकाच लहान जागेत पुन्हा पुन्हा टोचल्यास तेथील भिंत पातळ होऊन फुगवटा येतो. तरीही ही चूक सर्वत्र घडते, कारण त्या जागी टोचणे सोपे असते, रुग्णालाही तेथे कमी दुखते आणि कक्षात घाई असते. एकाच छिद्रातून बोथट सुईने शिरण्याची 'बटनहोल' पद्धत वेदना कमी करते असे मानले गेले. परंतु तिच्यात संसर्गाचा धोका अधिक आढळल्याने नव्या मार्गदर्शिकेने ती विशिष्ट परिस्थितीपुरती मर्यादित केली आहे. ब्रिटनमध्ये केवळ टोचणीच्या सुधारणेसाठी 'मॅजिक' नावाचा स्वतंत्र गुणवत्ता-उपक्रम हाती घेतला गेला. १९६६ च्या शीर्षकातील विस्मृत शब्दाचे महत्त्व असे उशिरा का होईना, पुन्हा मान्य होऊ लागले आहे.

'संघ' या संकल्पनेची चिकित्सा

संघ या शब्दात समानतेचा आभास असतो. प्रत्यक्षात रुग्णालयातील संघ हा उतरंडीचा असतो. ज्याला सर्वांत आधी कळते, त्याला सर्वांत कमी अधिकार असतो, हा प्रवेशमार्गाच्या शुश्रूषेतील मूलभूत पेच आहे. नवा फिस्टुला अजून कोवळा आहे, आज टोचू नये, असे परिचारिकेला किंवा तंत्रज्ञाला वाटले, तर ते म्हणण्याची आणि ते मानले जाण्याची सोय त्या कक्षात आहे काय? नसेल, तर सुई शिरेच्या भिंतीपार जाते, हातात रक्त साकळते, फिस्टुलाला विश्रांती द्यावी लागते आणि रुग्ण पुन्हा कॅथेटरवर येतो. अशा घटनेची नोंद 'फिस्टुला अयशस्वी' अशी होते. अपयश शिरेच्या नावावर जाते, निर्णयप्रक्रियेच्या नावावर नव्हे.

संघाविरुद्ध घेतला जाणारा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. जबाबदारी अनेकांत वाटली की ती कोणाचीच राहत नाही. मराठीत 'बारभाई कारभार' हा शब्दप्रयोग याच अर्थाने रूढ आहे. ज्या ऐतिहासिक बारभाईंवरून तो आला, त्यांनी १७७४ मध्ये रघुनाथरावांच्या हातून पेशवाईची सूत्रे काढून घेतली, हे मात्र त्या शब्दप्रयोगात हरवले आहे. अनेकांचा कारभार यशस्वी होण्यासाठी त्यांच्यामागे एक सूत्रचालक आणि एक निश्चित कार्य असावे लागते. बर्मिंगहॅम येथील विद्यापीठात १९९० च्या दशकात उभारलेल्या बहुशाखीय व्यवस्थेत हेच तत्त्व दिसते. तेथे प्रवेशमार्ग-समन्वयक हे पद निर्माण करण्यात आले. शस्त्रक्रियेच्या तारखा, तपासण्या, बंद पडलेल्या फिस्टुलाची तातडीची दुरुस्ती आणि या सर्वांची नोंद एका ठिकाणी येऊ लागली. संघाला संघपण येते ते बैठकीमुळे नव्हे, तर असा एक उत्तरदायी दुवा असल्यामुळे.

जपानचे उदाहरण याला पूरक आहे. तेथे फिस्टुला वापरणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. अनेक ठिकाणी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ किंवा मूत्रशल्यतज्ज्ञ स्वतःच फिस्टुला तयार करतात, त्यामुळे रुग्णाला एका दारातून दुसऱ्या दारात फिरावे लागत नाही. शिवाय १९८७ च्या कायद्याने तेथे डायलिसिससारखी जीवरक्षक यंत्रे हाताळणाऱ्या तंत्रज्ञांचा परवानाधारक व्यवसाय अस्तित्वात आला. यंत्राशी उभ्या असलेल्या व्यक्तीला कायद्याने ओळख देणे, ही संघाधारणेची पूर्वअट आहे, असे यावरून म्हणता येईल.

२०१९ ची मार्गदर्शिका आणि पुराव्याचे स्वरूप

'केडोकी'ची २०१९ ची मार्गदर्शिका २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिने 'फिस्टुला प्रथम' हे सूत्र बाजूला ठेवून योग्य रुग्णासाठी, योग्य वेळी, योग्य कारणासाठी योग्य प्रवेशमार्ग, अशी भूमिका घेतली. रुग्णाच्या संपूर्ण आयुष्याचा आराखडा आधी आणि प्रवेशमार्गाची गरज त्यानंतर, असा क्रम तिने लावला. ऐंशी वर्षांच्या, हृदयविकार असलेल्या वृद्धाच्या हातावर दोन-तीन शस्त्रक्रिया करण्याऐवजी त्याला ग्राफ्ट किंवा कॅथेटर देणे हेही योग्य ठरू शकते, आणि तरुण रुग्णाच्या बाबतीत पुढील तीस वर्षांच्या रक्तवाहिन्यांचा हिशोब ठेवावा लागतो, ही दृष्टी निश्चितच अधिक मानवी आहे. संघासह किमान दर तिमाहीला या आराखड्याचा फेरविचार व्हावा, असेही तिने सुचविले.

या मार्गदर्शिकेचे बलस्थान तेच तिचे दुबळेपणही आहे. जीवनआराखडा आणि त्याचा तिमाही फेरविचार यांविषयीची तिची विधाने तज्ज्ञमताच्या दर्जाची आहेत. नियंत्रित चाचण्यांचा भक्कम आधार त्यांना नाही. तसेच 'योग्य' हे विशेषण लवचीक आहे. आकड्याचा जाच होता, पण आकड्यामुळे केंद्रांना उत्तर द्यावे लागत होते. आराखड्याच्या भाषेत रुग्णाचा सन्मान आहे. परंतु तयार न झालेला फिस्टुलाही 'रुग्णाची निवड' या नावाखाली झाकला जाऊ शकतो. सुईची, वेदनेची, हातावरील फुगवट्याची भीती वाटून रुग्ण फिस्टुला नाकारतो, तेव्हा ती निवड कितपत स्वतंत्र आणि कितपत पूर्वीच्या वाईट टोचणीचा परिणाम, हे तपासल्याशिवाय तिला निवड म्हणणे धाडसाचे ठरेल.

संघाधारित उपायांविषयीचा पुरावाही एकाच दिशेने बोलत नाही. अमेरिकेत रोगनियंत्रण संस्थेच्या पुढाकाराने १७ डायलिसिस केंद्रांनी हातांची स्वच्छता, कॅथेटरची निगा, निरीक्षण व परस्परांना माहिती देणे असे उपाय एकत्रितपणे अमलात आणले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रवेशमार्गातून होणारे रक्तसंसर्ग ५४ टक्क्यांनी घटले. याउलट ऑस्ट्रेलियातील ३७ केंद्रांत कॅथेटर-निगेच्या उपायांचा संच टप्प्याटप्प्याने आणि यादृच्छिक क्रमाने लागू करण्यात आला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत संसर्गाचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही. पहिला अभ्यास पूर्वस्थिती व उत्तरस्थिती यांची तुलना करणारा होता, दुसरा अधिक काटेकोर रचनेचा होता. शिवाय ऑस्ट्रेलियात संसर्गाचे प्रमाण मुळातच कमी होते. या दोन निष्कर्षांवरून संघाधारित शुश्रूषा निरुपयोगी ठरत नाही. मात्र उपायांची यादी बाहेरून लागू केली म्हणजे संघ निर्माण होतो, हा समज त्यामुळे टिकत नाही. जेथे व्यवस्था आधीच सुस्थितीत आहे, तेथे यादीने भर पडत नाही. जेथे ती विस्कळीत आहे, तेथे नियमित निरीक्षण आणि परस्परसंवाद यांनीच बहुधा खरा फरक पडतो.

भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

भारतात २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. जिल्हा रुग्णालयांत सार्वजनिक-खाजगी भागीदारीने डायलिसिस केंद्रे उभारण्याचा हा कार्यक्रम आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामकरण झालेल्या योजनेतूनही डायलिसिसचा खर्च भागविला जातो. या योजनांमुळे गरीब रुग्णांना यंत्रापर्यंत पोहोचता आले, हे त्यांचे श्रेय मोठे आहे.

परंतु राष्ट्रीय कार्यक्रमात हिशोबाचे एकक 'सत्र' हे आहे. भागीदाराला मिळणारा मोबदला सत्रामागे ठरतो आणि प्रगती सत्रांच्या संख्येत सांगितली जाते. अमेरिकेच्या मोहिमेत फिस्टुलांची संख्या मोजली गेली. येथे सत्रांची मोजली जाते. दोन्ही ठिकाणी मधला दुवा, म्हणजे प्रवेशमार्ग सुस्थितीत ठेवणे, हिशोबाबाहेर राहतो. कॅथेटरवर झालेले सत्र आणि चांगल्या फिस्टुलावर झालेले सत्र हे या हिशोबात सारखेच. डायलिसिस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, फिस्टुलाची शस्त्रक्रिया मोठ्या शहरात, सोनोग्राफी तिसऱ्याच ठिकाणी, अशी विभागणी झाली की कागदांची पिशवी हातात घेऊन फिरणारा रुग्ण किंवा त्याचा मुलगा हाच संघाचा प्रत्यक्ष समन्वयक ठरतो. त्याला या कामाचे ना प्रशिक्षण असते, ना अधिकार.

या परिस्थितीत खर्चिक नसलेले काही उपाय शक्य आहेत. मूत्रपिंडविकाराचे निदान होताच रुग्णाचा एक हात राखून ठेवणे, त्या हाताच्या शिरांत सलाईन न लावणे व रक्त न काढणे, आणि गरज पडल्यास त्यासाठी तळहाताची मागील बाजू वापरणे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून पाळता येण्याजोगे आहे. प्रत्येक रुग्णाच्या नोंदवहीत हाताचा नकाशा काढून टोचणीच्या जागा नोंदविता येतात. रुग्णाला व घरातील एका व्यक्तीला रोज सकाळी फिस्टुलावर बोट ठेवून थरथर तपासण्यास शिकविता येते. थरथर थांबली तर त्याच दिवशी कोणाला दूरध्वनी करायचा, ते नाव व क्रमांक कार्डावर लिहून देता येतो. कारण गुठळी झालेला फिस्टुला वाचविण्याची संधी लवकर हालचाल केली तरच मिळते. २०२१ च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने डायलिसिस तंत्रज्ञांच्या व्यवसायाला वैधानिक ओळख दिली आहे. या ओळखीला टोचणीविषयी निर्णय घेण्याच्या अधिकाराची जोड मिळाली, तरच तिचा लाभ रुग्णाच्या हातापर्यंत पोहोचेल.

समारोप

प्रवेशमार्गाच्या शुश्रूषेचा साठ वर्षांचा प्रवास पाहता पुढील निष्कर्ष निघतात. १९६६ च्या निबंधात जोडणी आणि टोचणी यांना समान स्थान होते; नंतरच्या धोरणाने जोडणी मोजली आणि टोचणी गृहीत धरली. 'फिस्टुला फर्स्ट' मोहिमेने व्यवस्था बदलता येते हे सिद्ध केले, परंतु एकाच आकड्यावर विसंबल्याने निकामी फिस्टुलांचा आणि कॅथेटरने होणाऱ्या आरंभाचा प्रश्न तिला सोडविता आला नाही. २०१९ च्या मार्गदर्शिकेने रुग्णाला केंद्रस्थानी आणले, तथापि उत्तरदायित्वाची मोजपट्टी सैल केली.

संघाधारित शुश्रूषेची खरी कसोटी संघातील सदस्यांच्या संख्येत नाही. फिस्टुला मंदावत आहे हे प्रथम कोणाला कळते आणि ज्याला कळते त्याच्या शब्दाने पुढे काय घडते, हे दोन प्रश्न कोणत्याही डायलिसिस कक्षात विचारता येतात. सामायिक नोंद, थांबविण्याचा अधिकार आणि एक उत्तरदायी समन्वयक या तीन गोष्टी असतील, तर परिचारिका, तंत्रज्ञ व रुग्ण हे नावापुरते सदस्य राहत नाहीत. त्या नसतील, तर संघ हा शब्द मार्गदर्शिकेत शोभतो आणि रुग्णाचा हात मात्र एकाकी राहतो. रक्तवाहिन्या मोजक्या असतात. एक गमावली की ती परत मिळत नाही. म्हणून सत्रांबरोबर टिकलेल्या प्रवेशमार्गांचाही हिशोब ठेवणे, हे यापुढील धोरणाचे पहिले पाऊल असले पाहिजे.